मिठातली रेघ

ज्या मिठाकडे मैत्रेयी रोज बघायची, ते तिने कधी हातात घेतलं नव्हतं. मीठ राजस्थानात, वाळूच्या खाली कित्येकशे मीटर खोल होतं. ती बसायची अंबरनाथच्या एमआयडीसीत, केबल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर. खाली केबलचे ड्रम फिरायचे आणि त्यांची थरथर जिन्यातून वर येऊन तिच्या टेबलाला लागायची. माडीवर ती एकटीच असे.

काम समजायला अवघड नव्हतं, पण ते समजून घ्यायची कुणाला गरज पडत नव्हती. राजस्थानातल्या त्या मिठाच्या थरात पोकळी करून तेल साठवायची योजना होती. मोठी बोअर मारायची, तीत गोडं पाणी सोडून मीठ विरघळवायचं, खारं पाणी उपसून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत तेल भरायचं. त्यासाठी मीठ कुठे संपतं ते आधी कळायला हवं. म्हणून आधी एक बारीक बोअर घेऊन तीत कारखान्याची रडारची नळी सोडत. माणसाच्या दंडाएवढी जाड, दोन पुरुष उंचीची, केबलला टांगलेली. कोरड्या मिठातून रडारची लाट काचेतून उजेड जावा तशी लांबवर जाते. वाटेत चिकणमातीचा थर आला की आपटून परत फिरते. परत यायला किती वेळ लागला त्यावरून तो थर किती लांब आहे ते कळतं.

अंतर कळतं, दिशा मात्र कळत नाही. नळी चहूबाजूंना सारखीच लाट सोडते आणि चहूबाजूंनी सारखीच ऐकते. साठ मीटरवर काही आहे एवढं ती सांगते. ते उत्तरेला की दक्षिणेला, हे एका बोअरवरून कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या बोअरमधून पाहिलं तर दोन जागा उरतात. तिसऱ्या बोअरमधून पाहिलं तर एक.

नळी सोडायचं काम जयदेवचं, नळीने टिपलेल्या लाटांवरून चित्र काढायचं काम मैत्रेयीचं. जयदेव बदलापूरच्या कडेच्या खरवई गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. कारखान्यात केबल सोडायचं-ओढायचं विंच जोडायला म्हणून लागला आणि पुढे साइटवर गेला तो तिथलाच झाला. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि शिमग्याला, तो घरी यायचा. त्याची आणि मैत्रेयीची समोरासमोर भेट झाली असेल ती यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, गर्दीत, पेढा हातात घेऊन. पण रोज संध्याकाळी साइटचं काम आटोपलं की त्याचा फोन यायचा.

"मॅडम, फाइल पाठवली. केबल शेवटी जरा अडकत होती, तेवढं बघा."

"बघते. वारा आहे का खूप?"

"वारा नसेल तो दिवस सांगतो तुम्हाला. आज उंट विंचवर बसला होता."

"विंचवर?"

"म्हणजे बाजूला. पण केबल त्याच्या पोटाखाली. उठवायला गेलो तर थुंकला. उंटाचा मालक म्हणाला, तुमची नळी गार आहे म्हणून त्याला आवडली." मग थोडं थांबून तो न चुकता विचारायचा, "काल काय दिसलं?"

हा प्रश्न विचारणारा जगात तो एकटा होता. मैत्रेयी त्याला सांगायची. वरचा थर सरळ आहे, खाली जरा वाकतो, मध्ये एक धुरकट पट्टा आहे, तो बहुतेक जिप्समचा. तो "हां, हां" करत ऐकायचा, आणि त्या "हां"वरून त्याला किती समजलं ते तिला कळायचं. त्याने आंधळेपणी उतरवलेलं ती बघायची आणि तिने बघितलेलं तो ऐकायचा. सात वर्षं असं चाललं होतं.

घरी ही सोय नव्हती. बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटमध्ये आई गेल्यापासून ती एकटी राहायची. आई सकाळी बुद्धवंदना म्हणायची, ती वेळ आता रेडिओने भरून काढली होती. समोरच्या शीलावहिनी अधूनमधून दारात उभ्या राहत.

"अगं, सोसायटीच्या बोअरचं पाणी गेलंय. तुझी ती नळी सोड ना आत, बघ कुठं गेलं ते."

"इथं काही दिसणार नाही, वहिनी. आपल्याकडचा दगड ओला असतो. पाणी असलं की रडार आंधळं होतं."

"म्हणजे पाणी आहे."

"असेल थोडं."

"मग नळाला का येत नाही?"

"ते रडारला कसं कळणार?"

"मग कळतं तरी काय त्याला?"

"मीठ."

"मीठ तर वाण्याकडे मिळतं," शीलावहिनी म्हणाल्या आणि हसत आत गेल्या. मैत्रेयीही हसली. दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज घरी आल्यापासून आपण बोललो ते एवढंच.

२००८च्या नोव्हेंबरातली गोष्ट. संध्याकाळी जयदेवचा फोन आला, नेहमीपेक्षा जरा खुशीत.

"मॅडम, आज खुंटी ठोकली."

"कसली?"

"मोठ्या बोअरची. नारळबिरळ फोडला. इथं नारळ मिळेना, दोन गावं फिरलो. आपल्या बोअरपासून पश्चिमेला, पन्नास मीटरवर."

"पश्चिमेलाच का?"

"पूर्वेला मीठ संपतंय ना. तुमच्याच चित्रात आहे की. साठ मीटरवर चिकणमाती."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता.

"मॅडम? लाइन गेली का?"

"आहे. पूर्वेला असं कोण म्हणालं, जयदेव?"

"साइटवरच्या साहेबांनी विचारलं, ही रेघ कुठल्या अंगाला. कागद हातातच होता. वर कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे ना. बाण वर, म्हणजे उजवं अंग पूर्व. तसं सांगितलं. त्यांच्या नकाशावर रेघा मारून सहीपण दिली."

तिने कागद उघडला. डाव्या कडेला उभी बोअर, तिच्यापासून उजवीकडे मोजलेलं अंतर, आणि साठ मीटरवर तिरकी उतरत गेलेली रेघ. अंतर नेहमी उजवीकडेच काढायची पद्धत होती. ते डावीकडे काढलं असतं तरी अर्थ तोच राहिला असता. ज्या छापील चौकटीत हा कागद बसवला होता, ती कारखान्याच्या सगळ्या आराखड्यांची चौकट होती. शेडचा आराखडा असो की गटाराचा, तिच्या वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण आपोआप यायचा. जमिनीच्या उभ्या छेदावर त्या बाणाला काहीच अर्थ नव्हता. मैत्रेयीच्या डोळ्यांना तो इतका सवयीचा झाला होता, की आता दिसतही नव्हता. दिशा ठरवता येत नाही हे वाक्य अहवालात होतं, पण आतल्या पानावर. साइटवर लोक एकच पान घेऊन फिरतात.

चिकणमाती पूर्वेला असेल तर खुंटी योग्य जागी होती. ती पश्चिमेला असेल तर मोठी बोअर नेमकी मिठाच्या कडेवर बसणार होती. मीठ विरघळत गेलं की पोकळीची भिंत त्या कडेतून फुटली असती, खारं पाणी वरच्या वाळूत गेलं असतं, आणि त्या वाळूतलं पाणी आसपासची गावं पीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः फोन केला. सकाळी फोन करायची ही पहिलीच वेळ. जयदेवने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी चुकीचं सांगितलं."

"चुकीचं आहे की बरोबर, तेच माहीत नाही. सांगता येत नव्हतं, एवढंच."

"मग असं करू ना. खुंटीच्या जागी आधी एक बारीक बोअर घ्या म्हणून सांगा त्यांना. काहीतरी कारण द्या."

"काय कारण देऊ?"

"नळी बिघडली होती म्हणा. त्या दिवसाचं काम पुन्हा करायचंय म्हणा. मी म्हणतो तसं. नळीला कुणी घरी पाठवणार नाय."

मैत्रेयीने त्यावर खरोखर विचार केला. दुपारचा डबा तसाच राहिला. नळी बिघडली होती असं एकदा लिहिलं, की कधीपासून बिघडली होती हे विचारणारच. मग सात वर्षांची प्रत्येक रेघ संशयात, आणि त्यांतल्या काही रेघांच्या भरवशावर बोअर खणून झालेल्या. एक माणूस वाचवायला तिला सगळं मीठ खोटं ठरवावं लागलं असतं.

संध्याकाळी तिने त्याला तसं सांगितलं.

"मला खरं ते लिहावं लागेल, जयदेव."

"आणि माझं नाव?"

"चौकट आमची, बाण आमचा, असंच लिहिणार आहे."

"आणि पूर्वेला कोण म्हणालं असं विचारलं तर?"

तिने पत्रासाठी कोरा कागद पुढे ओढला.

"लिहा," तो म्हणाला. "तुम्ही काय न लिहिता राहणार?" त्या दिवशी त्याने काल काय दिसलं ते विचारलं नाही.

कारखान्याचे मालक ठाकुरदासशेठ उल्हासनगरचे, कॅम्प चारमध्ये राहणारे. मैत्रेयीला ते बेटा म्हणत. बोलताना हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत असे ये-जा करत. साइटवरच्या साहेबांना जायच्या पत्राचा मसुदा त्यांनी दोनदा वाचला.

"बेटा, लाइन तर तूच काढली ना?"

"रेघ खरी आहे, शेठ. बाण खोटा आहे."

"बाण तो हर कागज पे छपता है. आज तक किसी ने पूछा?"

"नाही."

"तूने पूछा?"

"नाही."

"हां." त्यांनी चष्मा काढला. "अब वो लोग एक नाव मागणार. खणायची रिग उभी, माणसं बसलेली. मी काय प्रिंटरचं नाव देऊ?"

"माझं द्या. आराखडा माझा आहे."

"तुझं दिलं तर पुढचं कोण वाचणार? नली कोई भी उतार लेगा." मग ते जरा नरम होऊन म्हणाले, "आणि सही त्याची आहे. बोलला कशाला? चूप बसायचं."

"त्याला विचारलं म्हणून त्याने सांगितलं."

"वही तो."

पत्र गेलं. मैत्रेयीने लिहिलं होतं तसंच गेलं, वर शेठचं एक वेगळं पत्र जोडून. त्यात काय होतं ते तिला दाखवलं नाही, पण आठवड्याभरात जयदेवला परत बोलावल्याचं कळलं. त्याच्या जागी हिंदुराव म्हणून नवा माणूस निघाला. साइटजवळ जुन्या शोधकामाच्या दोन बोअरी होत्या. त्यांत साचलेलं खारं पाणी उपसून, त्या कोरड्या करून नळी उतरवायची असं ठरलं. तोवर खुंटीला कुणी हात लावायचा नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी जयदेवचा फोन आला.

"विंच साफ करून ठेवलंय. केबलचा शेवटचा तुकडा बदलायला झालाय, नव्या माणसाला सांगा. बाकी काय नाय."

"जयदेव, पत्रात मी..."

"वाचलं. साहेबांनी दाखवलं. चांगलं लिहिलंय." आणि लाइन बंद झाली.

तो आला आणि तिच्या माडीच्या बरोबर खाली, केबलच्या शेडमध्ये बसायला लागला. हजार किलोमीटरवर होता तेव्हा रोज बोलणारा माणूस आता जिन्याच्या चौदा पायऱ्या खाली होता, आणि दोघांत बोलणं नव्हतं. समोर आला की तो "नमस्कार मॅडम" म्हणायचा, बाजूला व्हायचा. चहाच्या वेळी खालून हसण्याचे आवाज यायचे. एकदा तिने जिन्यात थांबून ऐकलं. तो उंटाची गोष्ट सांगत होता. तिला फोनवर चार वाक्यांत सांगितलेली ती गोष्ट इथे चांगली लांबली होती. उंटमालकाची नक्कल होती, थुंकल्यावर धावलेल्या साहेबांची नक्कल होती, आणि ऐकणारे पोट धरून हसत होते. साहेब धावले होते हे तिला माहीतच नव्हतं. फोनवर, लांबून, त्याने तिला कामापुरतं सांगितलं असावं. ती वर निघून गेली.

बदलापूरच्या बाजारात एका रविवारी एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. कडेवर मूल, हातात वांग्यांची पिशवी.

"तुम्ही कंपनीतल्या मॅडम ना, वरच्या? मी तुळशी. जयदेवची मंडळी. दसऱ्याला बघितलं होतं तुम्हाला."

"हो, हो. कशा आहात?"

"बरं झालं मॅडम, माणूस घरी आला. ही पोर बापाला वळखत नव्हती. मामा म्हणायची." तुळशी मोकळेपणाने हसली. "रागात हाय जरा. निघंल राग. आधी घरी आला की सारखं तुमचं नाव. मॅडमना हे दिसलं, मॅडम असं म्हणल्या. आमची सासू, कौसाबाई, विचारायची, ही मॅडम हाय तरी कोण रे? आता नाव घेत नाय."

मैत्रेयीने पोरीच्या गालाला हात लावला. पोरीने तोंड फिरवलं. तुळशीने जाताना दोन वांगी तिच्या पिशवीत टाकली. "घरची हायेत," म्हणाली.

पुढच्या महिन्यात हिंदुरावच्या फाइली यायला लागल्या. त्याचे फोन छोटे असत. "पाठवली. ओके आहे का? ओके." नळी वर ओढायचा त्याचा वेग जास्त होता, त्यामुळे रेघा जागोजाग तुटत होत्या. मैत्रेयी त्या जुळवत बसली. पहिल्या बोअरभोवती साठ मीटरचं वर्तुळ होतं. दुसऱ्या बोअरने त्या वर्तुळावर दोन जागा दाखवल्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. तिसऱ्या बोअरची फाइल आली त्या दिवशी तिने गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

चिकणमाती पूर्वेला होती. किंचित दक्षिणेकडे झुकलेली, पण पूर्वेलाच. खुंटी ठोकली होती ती जागा अगदी सुरक्षित होती.

ठाकुरदासशेठांनी नवा आराखडा बराच वेळ बघितला. कोपऱ्यात आता बाण नव्हता. तो तिने सगळ्याच छेदांच्या चौकटीतून काढून टाकला होता.

"म्हणजे पोरगा बरोबर होता."

"हो."

"मग आपण हे सगळं..."

"तेव्हा माहीत नव्हतं, शेठ. पश्चिमेलाही असू शकली असती. तेवढीच शक्यता होती."

"बेटा, मला समजलं. पण ये बात तू किसको समझाएगी?"

"जयदेवला परत पाठवा साइटवर. हिंदुरावला ओढता येत नाही."

"मी विचारलं कालच. तोच नको म्हणतो." त्यांनी हात झटकले. "तू विचार."

ती आराखडा घेऊन खाली गेली. शेडमध्ये यंत्रं चालू होती. जयदेव केबलच्या टोकाला कपलिंग बसवत होता. तिला बघून उभा राहिला.

"तिसरी बोअर वाचून झाली," ती म्हणाली. "पूर्वेला आहे."

त्याने हात फडक्याला पुसले आणि कागद घेतला. तिन्ही बोअरींची वर्तुळं कुठे छेदतात तिथे बोट ठेवलं. कुणी दाखवून द्यायची गरज पडली नाही. सात वर्षं ऐकलेलं तो पहिल्यांदा नीट बघत होता.

"म्हणजे मी सांगितलं तसंच."

"हो."

"तरीपण तुम्ही न लिहून चालणार नव्हतं."

यात विचारणं होतं की सांगणं, ते तिला कळलं नाही. "नव्हतं चालणार," ती म्हणाली.

"हां." ओळखीचा 'हां' होता तो. त्याला समजलं होतं.

"हिंदुराव फार भराभर वर घेतो. रेघा तुटतात. तुम्ही परत जा, जयदेव. शेठ तयार आहेत. मी साइटवरच्या साहेबांना लिहीन, आज लिहीन."

त्याने कागदाची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"नाय मॅडम. पोर आता बाबा म्हणाय लागलीय." मग यंत्राच्या आवाजातच, तिच्याकडे न बघता, म्हणाला, "आणि तिथं संध्याकाळच्या फोनशिवाय होतं काय?"

तो फोन अजूनही होईल असं तिला म्हणायचं होतं. पण पत्र लिहायच्या आधी होता तसा फोन आता होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तिला खोटं लिहिता येत नव्हतं तसंच खोटं बोलताही येत नव्हतं. जेवणाची घंटा झाली. ड्रम एकेक करून थांबले आणि शेडमध्ये एकदम शांतता पसरली.

"ए जयदेव, चल रे," कोपऱ्यातून कुणीतरी हाक मारली. "वांग्याचं भरीत आणलंस म्हणे."

"आलो." त्याने तिला विचारलं, "जेवलात?"

"जेवेन."

"जेवून घ्या," असं म्हणून तो बाकीच्यांकडे गेला. त्यांनी सरकून त्याला जागा करून दिली. मैत्रेयी आराखडा घेऊन जिना चढली. आता खालून थरथर येत नव्हती. टेबल स्थिर होतं. तिने तिसऱ्या बोअरची फाइल पुन्हा उघडली आणि तुटलेल्या रेघा वरून खाली जुळवायला घेतल्या.